श्रावणबाळची रक्कम बँकेत खातं नसताना कशी मिळेल?

बांधावरून:
माझी आत्या ७२ वर्षांची, विधवा. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत तिचं नाव मंजूर झालंय, महिना १५०० रुपये. बँकेत खातं कधी काढलं नाही असं ती म्हणते. बँक तालुक्याला, १८ किमीवर. गावात फक्त शाखा डाकघर आहे. पूर्वीसारखी मनीऑर्डर येते का? रक्कम माझ्या खात्यावर घेतली तर चालेल का? शिवाय बोटांचे ठसे पुसट झालेत, रेशनच्या मशीनवर दर वेळी अडतं. जाणकारांनी सांगावं.

टपालहंशील:
मनीऑर्डरचा नाद सोडा. निराधार आणि श्रावणबाळचं अनुदान आता आधारवर डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट लाभार्थीच्या खात्यात जातं. तुमच्या खात्याचाही उपयोग नाही. पैसे लाभार्थीच्या आधार क्रमांकावर पाठवले जातात, तुमच्या खात्याला तुमचा आधार आहे, तिचा नाही.

म्हणजे खातं लागणार, पण बँकेची पायरी चढावी लागणार नाही. डाकघरात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

पहिलं, पोस्टाचं बचत खातं. साधं खातं ५०० रुपये भरून उघडतं आणि तेवढी शिल्लक ठेवावी लागते. आर्थिक वर्ष संपताना कमी असेल तर ५० रुपये कापतात. पण सरकारी योजनेच्या लाभार्थीला शून्य शिल्लकीचं मूलभूत बचत खातं मिळतं. ते आपणहून मागा, नाहीतर काउंटरवर ५०० वालाच फॉर्म हातात येतो. पैसे काढायला पासबुक आणि एसबी-७ फॉर्म. शाखा डाकघरात एका खात्यातून दिवसाला २०,००० पर्यंत निघतात, त्यामुळे मर्यादेची चिंता नाही. चिंता असते ती रोकडीची, कारण शाखा डाकपालाकडे पैसे वरच्या कार्यालयातून येतात. आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

दुसरं, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं. ग्रामीण डाकसेवक किंवा पोस्टमन घरी येऊन मोबाइल आणि अंगठ्याच्या मशीनवर उघडतो. आधार आणि मोबाइल नंबर लागतो, पॅन नसेल तर तसं लिहून द्यायचा फॉर्म. शिल्लक शून्य चालते. दिवसअखेरच्या शिल्लकीला २ लाखांची मर्यादा आहे, ती इथे आडवी येणार नाही. पैसेही घरीच अंगठा देऊन काढता येतात. घरपोच सेवेला काही शुल्क लागतं का, ते आधी विचारून घ्या. आत्यांसाठी मी हेच सुचवेन.

ओटीपी_वाला:
पेमेंट्स बँक म्हणजे बँकच की हो, धाग्याचं नाव बदला :) असो. वरच्या प्रतिसादात एक कळीचा मुद्दा राहिलाय.

खातं उघडलं आणि त्याला आधार जोडला, एवढ्याने डीबीटी येत नाही. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, तिच्याकडे एक मॅपर असतो: कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे याची यादी. त्यात एका आधारपुढे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं, जिथे शेवटचं सीडिंग झालं, म्हणजे डीबीटीसाठी आधार या यादीत जोडला गेला, तिचं. तहसीलला दिलेल्या फॉर्मवर तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहा, आधारवरचा पैसा मॅपर दाखवेल तिकडेच जातो. 'फॉर्मवर एक खातं, पैसे दुसरीकडेच' या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून 'खातं कधी काढलं नाही' यावर विसंबू नका. गावात जनधनचं शिबिर झालं तेव्हा अंगठा दिलेला असतो आणि माणूस विसरून जातो. आधी तपासा: आधारला मोबाइल जोडलेला असेल तर मायआधार पोर्टलवर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि सक्रिय की निष्क्रिय, दोन्ही दिसतं. फोनवरून *९९*९९*१# हाही मार्ग आहे.

जुनी बँक दिसली तर दोन पर्याय. तेच खातं केवायसी करून (ओळखीची कागदपत्रं पुन्हा देऊन) चालू करा, किंवा नव्या खात्याला डीबीटीसाठी सीडिंगची लेखी संमती द्या. जुन्या बँकेचं नाव त्यावर लिहावं लागतं. काही दिवसांनी पुन्हा स्टेटस बघा, नवं नाव सक्रिय दिसलं की मगच निर्धास्त व्हा. आधीचे पैसे जुन्या खात्यात गेले असतील तर ते तिथेच असतात, आपोआप इकडे येत नाहीत.

बांधावरून:
धन्यवाद. स्टेटस बघितलं, एका बँकेचं नाव निघालं, पुढे 'निष्क्रिय'. मग आता पोस्टवाल्याला बोलावतो. ठशांचं मात्र कुणीच बोललं नाही.

अंगठाबहाद्दर:
ठशांचं सांगतो. आधी कोमट पाण्याने हात धुवून कोरडे पुसा. कोरडी, भेगाळलेली बोटं असतील तर तेलाचा हात फिरवून फडक्याने टिपून घ्या, तेलकट राहिली तर उलट बिघडतं. मशीनची काचही पुसायला लावा, निम्म्या वेळा दोष तिचाच असतो. आणि अंगठ्याचा हट्ट नको. दहाही बोटं आधारमध्ये नोंदलेली असतात, अनामिका किंवा मधलं बोट बऱ्याचदा सहज उठतं. बायोमेट्रिक लॉक असेल (आधारमधले ठसे वापरासाठी बंद केलेले असतील) तर मात्र कुठलंच बोट चालणार नाही, तेही आधीच बघा. एवढं करून जमलं नाही तर आधार केंद्रात ठसे आणि डोळ्यांची बुबुळं अद्ययावत करून घ्या. पेमेंट्स बँकेत आता चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोयही आली आहे. पोस्टमनच्या मोबाइलमध्ये ती चालू आहे का ते विचारा.

पैसे काढताना एका व्यवहारात १०,००० पर्यंत निघतात, तुम्हाला ते पुरेसं आहे. खरी गोची वेगळीच. ऑपरेटर 'फेल झालं, परत अंगठा द्या' म्हणतो, त्या वेळी पहिला व्यवहार खरंच फसलाय की नाही ते आत्यांना कसं कळणार? दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी शिल्लक तपासायला लावा आणि पावती घ्या, फेल झालेल्याचीसुद्धा. खात्यातून कापले आणि हातात आले नाहीत, तर आधार व्यवहारात ५ दिवसांत रक्कम परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार ज्या बँकेत खातं आहे तिच्याकडे करायची. पेमेंट्स बँकेचा क्रमांक १५५२९९.

टपालहंशील:
आणखी एक. अंथरुणाला खिळण्याची वेळ आली तर पोस्टाच्या बचत खात्यात एसबी-१२ फॉर्मवर दुसऱ्या व्यक्तीला पैसे काढायचा अधिकार देता येतो, सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. बँकेत असेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी हवा. ७० च्या पुढच्यांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलेलं आहे. वारसाचं नाव मात्र खातं उघडतानाच लावून टाका.

ओटीपी_वाला:
आणि सीडिंग सक्रिय असूनही महिनाभर काही आलं नाही तर बँकेला दोष देऊ नका. तहसीलच्या संजय गांधी शाखेत, म्हणजे या अनुदानांचं काम पाहणाऱ्या विभागात जा. अर्जावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल (माहेरचं-सासरचं नाव, 'बाई' लागणं-न लागणं) तर पडताळणीत अर्ज अडकतो. वर्षातून एकदाचा हयातीचा दाखला राहिला तरी अनुदान थांबतं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर यातले २०० रुपये केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेचे असतात (८० च्या पुढे ५००), त्यामुळे एका महिन्याचे पैसे दोन तुकड्यांत दिसू शकतात. जाताना आधारची प्रत, मंजुरीचं पत्र आणि सीडिंग स्टेटसची प्रिंट घेऊन जा. प्रिंट समोर ठेवली की 'बँकेत विचारा' म्हणून परत पाठवत नाहीत.