मदत हवी आहे: संवर्धनासाठी मिळणाऱ्या जमिनीचं बक्षीसपत्र (तातडीचं)

रानवाट
आमचा ट्रस्ट छोटा आहे, काम जंगल राखण्याचं. एक वयस्कर काका त्यांची डोंगरउताराची जमीन आम्हाला द्यायला तयार आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेली झाडी, मधून बारमाही झरा. त्यांची एकच अट: पुढे ती कुणी विकायची नाही, प्लॉट पाडायचे नाहीत. ट्रस्टनेसुद्धा नाही. त्यांची तब्येत बरी नसते आणि दलाल दारात बसून आहेत. बक्षीसपत्राचा मसुदा कुणाकडे असेल तर आजच द्या. बाकी सगळं तयार आहे.

सातबारा_बघा
बाकी सगळं म्हणजे काय काय? ट्रस्टची नोंदणी कुठली? जमीन महाराष्ट्रातली का? भोगवटादार वर्ग 1 (मोकळेपणी देता येणारी) की 2 (सरकारी परवानगी लागणारी)? सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात काय लिहिलंय?

हिरवा_माळ
अभिनंदन! पावसाआधी खड्डे घेऊन ठेवा. वड, जांभूळ, करंज अशी देशी रोपं दाट लावली की काही वर्षांत चेहराच बदलतो. आमच्याकडे अनुभव आहे, यायला तयार आहोत.

रानवाट
महाराष्ट्रातलीच. ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला आहे. शेतजमीन, वर्ग 1. मसुदा आहे का कुणाकडे?

कलम_छत्तीस
दादा, मसुदा शेवटी. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला, म्हणजे इथे ट्रस्टला, बक्षीस देतानाही कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, नाहीतर व्यवहारच अवैध. मग दस्त नोंदवायचा, दोन साक्षीदारांसह. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद), आणि 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात 1950 च्या त्याच कायद्याच्या कलम 22 चा बदल अर्ज. हा शेवटचा टप्पा बरेच ट्रस्ट विसरतात. मग सातबाऱ्यावर नाव असतं, पण ट्रस्टच्या मिळकतींच्या यादीत ती जमीनच नसते.

दूरदेशी
एवढं करायचंच कशाला? अमेरिकेत लँड ट्रस्ट (जमीन राखणाऱ्या संस्था) मालकी घेतच नाहीत. जमीन मालकाकडेच राहते, फक्त बांधकामाचा हक्क कायमचा सोडल्याचा करार होतो. तसा करार करा.

कलम_छत्तीस
तिथेही लँड ट्रस्ट मालकी घेतात, करार हा दुसरा मार्ग. आपल्याकडे तो चालत नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात असा हक्क एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. ट्रस्टची लगत जमीनच नसेल तर हक्क बांधणार कशाला?

दूरदेशी
कायदा जुना आहे, बदलायला हवा.

कलम_छत्तीस
हवाच. पण काका तोवर थांबू शकत नाहीत.

नवी_पालवी
काकांना 80 जी ची (देणगीवरची आयकर) सूटही मिळेल ना?

सातबारा_बघा
नाही. ती पैशाच्या देणगीला असते, जमिनीसारख्या वस्तुरूप देणगीला नाही. काकांना हे आत्ताच सांगा.

रानवाट
त्यांना सूट नको आहे. उद्या विश्वस्त बदलले आणि त्यांनीच विकायला काढली तर? ते फक्त एवढंच विचारतात.

कलम_छत्तीस
हा खरा प्रश्न, आणि तो पहिल्याच पोस्टमध्ये होता. ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला 1950 च्या त्याच कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तरीही. आयुक्त बघतात ट्रस्टचं हित. म्हणून ‘ही जमीन केवळ नैसर्गिक जंगल राखण्यासाठी’ असं बक्षीसपत्रात आणि ट्रस्टच्या उद्देशांत स्पष्ट हवं. मग विक्रीत ट्रस्टचं हित दाखवणं फार अवघड होतं. अशक्य मात्र नाही, हे काकांपासून लपवू नका.

वनपायवाट
आणखी घट्ट बांधायचं असेल तर वन्यजीव कायद्याचं कलम 36 सी बघा, सामुदायिक राखीव क्षेत्र. मालक स्वतःहून पुढे आला तर खाजगी जमिनीवरही होतं. एकदा अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. वेळ लागतो, म्हणून बक्षीसपत्रानंतर लगेच मागे लागा.

गडगा
कागदांइतकंच राखणीचं बोला. जमीन घेतल्या दिवसापासून खर्च सुरू होतो: मोजणी, हद्दीचे दगड, गवत वाळायला लागलं की वणवा अडवणाऱ्या जाळरेषा, राखणदाराचा पगार. त्यासाठी वेगळा निधी नसेल तर जमीन घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. ताब्याच्या वेळी ठरलेल्या जागांवरून फोटो काढा, झऱ्याची, हद्दीची नोंद करा आणि दरवर्षी त्याच जागांवरून पुन्हा काढा. अतिक्रमणाचा वाद झाला की ही फाइलच उपयोगी पडते. आणि हिरवा_माळ, उभ्या जंगलात खड्डे कशाला?

हिरवा_माळ
मोकळ्या जागा असतीलच की! तिथे लावायला काय हरकत?

गडगा
मोकळी जागा म्हणजे ओसाड नव्हे. कासचं पठारही मोकळंच आहे, आणि 2012 साली पश्चिम घाटासोबत ते जागतिक वारशात गेलं. तिथली फुलं सावलीत तगणार नाहीत.

नवी_पालवी
कासला जायला कुठला महिना चांगला?

वनपायवाट
सप्टेंबर. पण कृपया वेगळा धागा काढा.

सातबारा_बघा
रानवाट, इतर हक्कांचं उत्तर राहिलं. ‘खाजगी वन’ किंवा बँकेच्या बोज्याची नोंद आहे का? आणि जमीन काकांच्या एकट्याच्या नावावर आहे ना?

रानवाट
बोजा नाही. ‘वन’ असंही काही नाही. वडिलोपार्जित आहे, दोन बहिणींची नावं आहेत. त्या बाहेरगावी असतात.

सातबारा_बघा
मग पूर्ण जमिनीचं बक्षीसपत्र एकट्या काकांना करता येणार नाही. एकतर दोघी बहिणींच्याही सह्या, नाहीतर आधी वाटप करून काकांचा हिस्सा वेगळा. आज मसुदा शोधू नका, दोघींना फोन लावा.

रानवाट
धाकट्या ताई तयार होतील. थोरल्यांशी काका स्वतः बोलतो म्हणाले. कलम 63 च्या अर्जाला काय काय जोडायचं ते कुणी लिहाल का?