शब्दचर्चा : रोबोची सोबत, आणि 'जीव लावणे'

प्रश्न (अंबाजोगाई)
काझुओ इशिगुरो यांच्या 'क्लारा अँड द सन' (२०२१) या कादंबरीवर आमच्याकडे बोलायचंय. क्लारा ही दुकानातून विकत आणलेली रोबो, आजारी जोसीची 'आर्टिफिशियल फ्रेंड'. 'कृत्रिम मैत्रीण' म्हटलं की दागिन्यासारखं खोटं वाटतं, आणि क्लारा खोटी मुळीच नाही. दुसरा शब्द सुचवा. 'क्लाराने जोसीला जीव लावला' हे वाक्य चालेल का, तेही सांगा.

उत्तर (परभणी)
'सोबतीण' घ्या. आपल्याकडं एकट्या म्हातारीच्या घरी रात्री शेजारचं पोर झोपायला जातं. "आज सोबतीला कोण यायलंय?" असंच विचारतात. त्या पोरानं म्हातारीवर माया करावी अशी अट नसते. घरात दुसरं कुणी असलं की झालं. लळा लागला तर तो नंतर. क्लाराही घरात येते ती सोबतीलाच. 'संगत' नको, तिचा गुण लागतो. 'जोडीदार' म्हटलं की लग्न आलं.

पण एक अडचण आहे. 'रोबो' हा शब्दच सोबतीचा नाही. कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून तो जगभर गेला, आणि चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. क्लाराला 'मी नाही येत' म्हणायची मुभा नाही. वेठीला धरलेल्याची माया खरी मानायची का? मला गंगाखेडची जनाबाई आठवते. ती स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते, आणि तिच्याच अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो. दासीपण आणि सख्य एका जात्यावर बसू शकतं, हे आपल्या भाषेनं फार आधी मान्य केलंय. म्हणून 'सोबतीण' मला हलका शब्द वाटत नाही.

उत्तर (उदगीर)
जीव लावण्याबद्दल. ज्याला जीव लावायचा ते निर्जीव असलं तरी चालतं: घराला, शेताच्या तुकड्याला, गेलेल्या माणसाच्या काठीलासुद्धा. लावणारा मात्र जिवंत लागतो. 'काठीनं म्हाताऱ्याला जीव लावला' असं कुणी म्हणत नाही. म्हणून तुमचं वाक्य कानाला अडतं, आणि ते तसंच ठेवावं, कारण कादंबरीचा सगळा प्रश्न त्या कर्त्यापाशी आहे. शेवटाकडं क्लारा म्हणते की जोसीतलं ते खास काही जोसीच्या आत नव्हतं, तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या आत होतं. (पुस्तक वाचलं नसेल त्यांनी माफ करावं.) 'जीव' माणसाच्या आत एकटा बसलेला नसतो, तो लावल्यानं होतो, असंच आपला वाक्प्रचारही सांगतो.

आणखी एक. क्लाराला 'ते' म्हटलं तर वस्तू होईल, अशी धास्ती काहींना वाटते. आपल्याकडं 'ते लेकरू' म्हणतात, अगदी पोटाशी धरून. नपुंसकलिंगात तुच्छता असतेच असं नाही. पण क्लारा स्वतःची कथा स्वतः सांगते, तेव्हा तिला 'ती'च म्हणावं.

प्रश्नकर्ती
'सोबतीण' घेतला. वाक्यही तसंच ठेवते, अवतरणचिन्हं न लावता. आईच्या तोंडी मात्र 'ते' घालून पाहीन. जोसीच्या आईला क्लाराबद्दल नेमकं काय वाटतं, हे तिचं तिलाही लवकर उमगत नाही.