खरा निरंकुश कोण: चौदावा लुई की औरंगजेब?

वाटसरू: युरोपातले राजे कायद्याने बांधलेले आणि आशियातले बादशहा मनाला येईल ते करणारे, हे शाळेपासून डोक्यात बसलंय. मला ते पटत नाही. बर्निये हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात राहिला. फ्रान्सचा राजा लुई याचा मंत्री कोल्बेर याला त्याने लिहिलं की इथली सगळी जमीन बादशहाची, खाजगी मालकी नाहीच. आपले वतनाचे, म्हणजे वंशपरंपरेच्या पदाचे आणि हक्कांचे, कागद वाचा! पाटीलकी वारशाने जायची, विकली जायची, भावाभावांत वाटली जायची. तंटा झाला की गोतसभा (गावच्या वतनदारांची सभा) बसून महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, व्हायचा.

खडूफळा: वतनाचं मान्य, पण गाव वेगळं आणि दरबार वेगळा. मनसबदाराची, म्हणजे मुघल अधिकाऱ्याची, जहागीर (पगाराऐवजी मिळणारा महसुलाचा मुलूख) वंशपरंपरेची नव्हती, ठरावीक काळाने बदलायची. फ्रान्समध्ये १६०४ पासून अधिकारी दरवर्षी ठरलेली रक्कम भरून आपलं पद मुलाकडे सोपवू शकत. असे लोक राजाला नडणारच. पॅरिसच्या पार्लमां या न्यायालयाने १६४८ मध्ये नव्या करांना विरोध केला, फ्रोंदचं बंड पेटलं आणि दहा वर्षांच्या लुईला रातोरात पॅरिसबाहेर न्यावं लागलं. त्याच हिवाळ्यात लंडनमध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्यावर खटला भरून त्याचा शिरच्छेद झाला. आग्र्यात असा खटला कोणी भरला?

वाटसरू: खटला नाही, पण शहाजहानला १६५८ मध्ये मुलानेच किल्ल्यात कोंडलं.

खडूफळा: त्यात माणूस बदलला, तख्ताचा अधिकार तसूभर कमी झाला नाही.

रानवाट: तुम्ही दोघंही दरबारातच अडकलात. औरंगजेबाला आव्हान मिळालं ते इथे, मराठी मुलखात. १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात गेले. खजिना रिकामा. मग त्यांनी सरदारांना वतनांचा शब्द दिला. ज्या वतनदारीला शिवाजी महाराजांनी आवर घातला, तिच्याच ओढीने माणसं मुघलांशी लढली. मला तरी यात मोठेपणाइतकंच नुकसानही दिसतं, कारण पुढे हेच सरदार छत्रपतींनाही आवरेनात.

वाटसरू: म्हणजे माझंच म्हणणं खरं. वतनापुढे बादशहाचं चाललं नाही.

खडूफळा: चाललं नाही, पण वतनदारांनी बादशहाला बांधणारी संस्थाही उभी केली नाही. लुई १७१५ मध्ये वारला आणि त्याच पार्लमांने त्याचं मृत्युपत्र बाजूला सारून राज्यकारभार लुईचा पुतण्या, ओर्लेआंचा ड्यूक, याच्याकडे दिला. औरंगजेब १७०७ मध्ये भिंगारला वारला, तेव्हा गादी कोणाची हे त्याच्या मुलांत आग्र्याजवळ जाजऊच्या रणात ठरलं.