घरी ऑस्टिन सेव्हनची रेसगाडी बांधतोय, इंजिनाच्या क्रँकला चीर निघाली आणि आप्पांचं परतीचं तिकीट २८ सप्टेंबरचं, काय करू?

उद्यमनगर_ते_बर्मिंगहॅम

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या. मी मूळचा कोल्हापूरचा, आता बर्मिंगहॅमला, लाँगब्रिजपासून दहा मिनिटांवर राहतो. इथंच ऑस्टिनचा कारखाना होता आणि १९२२ पासून १९३९ पर्यंत ऑस्टिन सेव्हन नावाची चिमुकली गाडी इथूनच निघायची, त्यामुळे हे वेड कुठून लागलं ते वेगळं सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी १९२९ च्या एका सेव्हनचे अवशेष घेतले, म्हणजे चासी, मागचा अॅक्सल, गिअरबॉक्स, आणि इंजिन तीन खोक्यांत सुटं. बॉडी नव्हतीच, ती कधीच कुजून गेली होती. हे आधीच सांगतो कारण धडधाकट जुनी गाडी कापून रेसगाडी करणं मला पटत नाही, इथं कापायला काही शिल्लकच नव्हतं. त्यावर दोन सीटची उघडी गाडी करायची, ज्याला इथं स्पेशल म्हणतात, आणि हिलक्लाइंबला न्यायची. चढाच्या रस्त्यावर एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात, चाकाला चाक घासत पळायचं नसतं, म्हणून बायकोही तयार झाली.

आता मुद्दा. आई आणि आप्पा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेत. आप्पांनी चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली, पाण्याच्या ऑईल इंजिनांचं काम. मला वाटलं होतं इकडे त्यांना करमणार नाही, पण गॅरेजात आले, चासी बघितली, खिशातली टेप काढून मापली आणि म्हणाले सव्वासहा फुटाचा व्हीलबेस, ही गाडी हाय का खेळणं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता माझ्या आधी गॅरेजात. सगळे बोल्ट इंची, विटवर्थचे पाने लागतात, मी अजून तक्त्यात बघतो आणि ते लांबूनच सांगतात, चार सुती हाय, तो दुसरा पाना घे. तेरा वर्षांची लेक त्यांच्याकडून सूत शिकली, एक इंच म्हणजे आठ सूत हे आता ती शाळेत मैत्रिणींना सांगते. सुट्या भागांच्या पिशव्या, नंबर, फोटो, वही सगळं तिच्याकडे. बायकोनं चार चाकांसाठी वेल्सपर्यंत गाडी मारली. आई सीट शिवणार आहे.

आणि गेल्या आठवड्यात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, तपासायला दिली होती ती परत आली, मॅग्नेटिक पावडर टेस्टमध्ये मागच्या जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) कोपऱ्यात बारीक चीर दिसली. विकणाऱ्यानं तपासलेली आहे असं सांगितलं होतं, असो. नवीन स्टीलची क्रँक हजार पौंडांच्या पुढं आणि यायला बारा आठवडे, म्हणजे आप्पा गेल्यावर. आप्पांचं म्हणणं, ऑईल इंजिनाच्या क्रँका आम्ही वेल्डिंगनं भरून, घासून वर्षानुवर्षं चालवल्या, ही पण भरू, निदान दहा मिनिटं आयडलवर तरी आवाज ऐकू. ते तोंडानं म्हणत नाहीत पण त्यांना हे इंजिन चालू झालेलं बघूनच जायचंय, आणि खरं सांगू तर मलाही त्यांना ते दाखवायचंय, पुढच्या वर्षी परत येणं होईल का माहीत नाही, गुडघे दुखतात त्यांचे. दहा मिनिटं चालवली तर काय होईल? कोणी हे काम केलेलं असेल तर स्पष्ट सांगा.

खटाटोप_लेस्टर

दादा, मी दोन सेव्हन बांधल्यात म्हणून स्पष्टच लिहितो. नको. दहा मिनिटंही नको, एक मिनिटही नको.

आप्पांचं म्हणणं त्यांच्या इंजिनापुरतं बरोबर आहे, पण ऑईल इंजिनाची क्रँक मनगटाएवढी जाड असते आणि १५०० आरपीएमवर आयुष्य काढते. सेव्हनचं इंजिन ७४७ सीसीचं, चार सिलिंडर, आणि १९२९ च्या इंजिनात एवढ्या लांब क्रँकला मेन बेअरिंग फक्त दोन, एक पुढं एक मागं. मधे आधारच नाही. तिसरं बेअरिंग कंपनीनं १९३६ ला दिलं. त्यामुळे ही क्रँक फिरताना दोरीउड्यांच्या दोरीसारखी मधे वाकत असते, धडधाकट असली तरी. कंपनीचं मूळ इंजिन साडेदहा हॉर्सपॉवरचं, २४०० आरपीएमवर, तिथवर ती सोसायची, रेसवाले तिच्याकडून त्याच्या दुप्पट आरपीएम मागतात. चीर असलेली क्रँक तुटली की कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो, क्रँककेस अॅल्युमिनियमची आहे, ती गेली तर मूळ नंबरचं इंजिन गेलं. आणि शेजारी तेरा वर्षांची पोर उभी असणार.

अजून एक, घाईत बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाला, व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ धातू) ओतून घेऊ नका. आप्पांना ते काम येत असणार आणि हात शिवशिवत असतील, पण नवीन क्रँकच्या जर्नलचं माप जुन्यापेक्षा वेगळं निघालं तर सगळं पुन्हा ओतावं लागेल. क्रँक हातात आल्यावरच.

माझं मत, आप्पांना इंजिनापासून बाजूला काढून पुढच्या अॅक्सलवर घ्या. सेव्हन चालवणाऱ्याला विचारा, जीव इंजिनापेक्षा तिथं जास्त अडकलेला असतो. किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती), त्याचे बुश (आतल्या धातूच्या नळ्या), स्प्रिंगचे शॅकल, रेडियस आर्म जिथं चासीच्या नाकाला बसतो तो बॉल, स्टीअरिंग बॉक्स, हे सगळं झिजलेलं असतं आणि सगळं लेथचं काम आहे. आणि ब्रेक. तुमची १९२९ ची आहे म्हणजे पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्यांना, दोन्ही एकत्र जोडलेले १९३० पासून आले. ते जोडून घ्या. सगळं केबलवर आहे, आणि ब्रेक मारला की पुढचा अॅक्सल किंचित पीळ खातो आणि केबलचा ताण बदलतो, म्हणून तिथं एक सूतभर ढिलाई सुद्धा चालत नाही. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाचं काम ते हेच. स्टब अॅक्सल, म्हणजे पुढची चाकं ज्यावर बसतात ते आखूड दांडे, पण क्रॅक टेस्टला पाठवा, क्रँकला निघाली तर तिथंही असू शकते.

मठारकर_पुणे

इंजिनाचं मला कळत नाही पण बॉडीबद्दल लिहितो. पत्रा घरीच मारणार असाल तर बाहेर द्यायचा विचार सोडा, हे घरात होणारं काम आहे. माझं लहानपण कसब्यात तांबट आळीच्या शेजारी गेलं, सकाळपासून मठारण्याचा आवाज. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, मग तांबट ते भाजतो, पुन्हा मऊ होतं, पुन्हा ठोकतो. अॅल्युमिनियमचं अगदी तेच, फरक एवढाच की तांबं तापलं की लाल दिसतं आणि अॅल्युमिनियम काही दाखवतच नाही, रंग न बदलता एकदम वितळून खाली पडतं. त्यावर जुनी युक्ती आहे, पत्र्यावर कपडे धुण्याचा साबण घासायचा आणि मागून गॅसची टॉर्च फिरवायची, साबणाची रेघ काळपट तपकिरी झाली की थांबायचं, भाजून झालं. पत्रा १.२ मिलिमीटरचा घ्या, वाळूची पिशवी आणि लाकडी मोगरी, बस. शेपटाचा गोल भाग सोडला तर सेव्हनच्या बॉडीत अवघड वळणं फारशी नाहीतच.

त्याआधी पुठ्ठ्याची गाडी करा. खरंच, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चासीवर उभा करा, आत बसून बघा, गुडघा कुठं लागतो, कोपर कुठं अडकतं. लेकीला हे द्या, तिच्या हातची मापं मग पत्र्यावर जातील. आणि लाकडाच्या चौकटीवर नुसता पत्रा ठोकण्याऐवजी मधे प्लायवूडच्या आडव्या भिंती घालायचा विचार करा. सेव्हनची चासी म्हणजे पुढं चिमटलेला इंग्रजी ए, फार लवचिक. लोटस या रेसगाड्यांच्या कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन, त्यानं १९४८ ला पहिली लोटस बांधली ती ऑस्टिन सेव्हनवरच, आणि त्यानं अॅल्युमिनियम चिकटवलेलं प्लायवूड वापरून बॉडीच चासीला ताठ करेल अशी केली. ती गाडी कुठं बांधली माहितेय का, मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात, आणि ती मैत्रीण, हेझल, हाताशी काम करायला. पुढं त्यांचं लग्न झालं. म्हणजे लोटस सुद्धा घरच्यांच्या मदतीनंच सुरू झाली.

नाशिककर_ताई

मी फॅक्टरीत सेफ्टीला होते म्हणून न राहवून लिहितेय. जुन्या गाडीचे ब्रेक लायनिंग आणि क्लचची प्लेट यांत अॅस्बेस्टॉस असतो असंच धरून चाला. ब्रेकचे ड्रम उघडले की आतली धूळ फुंकायची नाही, एअर मारायची नाही, कोरड्या ब्रशनं झाडायची तर मुळीच नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं पिशवीत बंद करून टाकायचं, जुने लायनिंग पण तसेच. हे काम लेकीला देऊ नका, आणि आप्पांनाही मास्क लावायला लावा, त्या पिढीला सवय नसते, आमच्याकडचे जुने फिटर पण फुंकर मारायचे, कितीदा ओरडले असेन. जुन्या रंगात शिसं असतं, तो ओला करूनच घासा. व्हाइट मेटलमध्येही शिसं असू शकतं, ते ओतताना दार उघडं ठेवा आणि त्या हातानं चहा बिस्किट नको.

लेकीला स्प्लिट पिनांची, म्हणजे नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनांची, जबाबदारी द्या. प्रत्येक कॅसल नटाची (पिनेसाठी खाचा असलेला नट) पिन तिनं घालायची, वाकवायची आणि वहीत तारीख टाकून सही करायची. तिच्या सहीशिवाय गाडी हलणार नाही असं ठरवा. माझ्या अनुभवात मुलं या कामात मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात.

ऑकलंडचा_भाऊ

इंजिन आप्पा असताना चालू होणार नाही याचं वाईट वाटतंय ना, म्हणून आमच्या इथली गोष्ट सांगतो. मॅकलॅरेन ही रेसगाड्यांची कंपनी काढणाऱ्या ब्रूस मॅकलॅरेनचे वडील लेस यांचं इथं रेमुएराला सर्व्हिस स्टेशन होतं. ब्रूसला नवव्या वर्षी पर्थीस झाला, खुब्याच्या हाडाचा आजार, दोनेक वर्षं पोरगं टाकापुनाच्या वसतिगृहासारख्या दवाखान्यात पडून होतं. पुढं वडिलांनी १९२९ ची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर (सेव्हनचंच रेसचं मॉडेल) विकत आणली, तुमच्यासारखीच सुटी, खोक्यांत. बापलेकांनी मिळून ती जुळवली. रस्त्यावर न्यायचं वय नव्हतं म्हणून घरामागच्या फळझाडांमधून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा रस्ता करून पोरगं त्यावर फिरवायचं. १९५२ ला मुरिवाईच्या हिलक्लाइंबला त्याच गाडीतून पहिल्यांदा उतरला. मुरिवाईला मी समुद्रावर जातो तेव्हा तो चढ दरवेळी बघतो. ती गाडी आज इंग्लंडमध्ये वोकिंगला मॅकलॅरेनच्या मुख्यालयात आहे, तुमच्यापासून जाऊन येण्याइतकी.

आणि एक सुचवतो. तुमच्याकडे ७५० मोटर क्लब आहे, १९३९ पासूनचा, याच गाड्यांसाठी निघालेला, आणि प्रत्येक भागात सेव्हनवाल्यांचे छोटे क्लब आहेत. कोणाच्या तरी गॅरेजात चालू इंजिन नक्की असणार. विचारा. आप्पांना आवाज ऐकायचाय ना, तो ऐकवता येईल की.

उद्यमनगर_ते_बर्मिंगहॅम

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोनं सगळे रिप्लाय आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवले. खटाटोप, तुमचा वाचून झाल्यावर ते काही बोलले नाहीत, भिंग घेतलं, क्रँक खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, मधी बेअरिंग न्हाई हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं रं, ठेव बाजूला. नवीन क्रँकची ऑर्डर त्याच संध्याकाळी दिली.

आता अॅक्सल चालू आहे. स्टब अॅक्सल टेस्टला दिले होते, दोन्ही चांगले निघाले. आप्पांनी किंगपिनचे चारही बुश फॉस्फर ब्राँझमधून लेथवर काढले, त्यातला एक त्यांनी लेकीला काढायला दिला, हात धरून नाही, फक्त मागं उभे राहून. तो बसवताना तिनं वहीत कोणता कुठल्या बाजूला ते लिहून ठेवलंय. ताई, मास्क आणलेत, आप्पा लावतात, आई लक्ष ठेवते. पुठ्ठ्याची गाडी पण झाली, आईला आत बसवून सीटची उंची घेतली कारण शिवणार तीच आहे.

भाऊ, क्लबमध्ये विचारलं आणि खरंच वीसेक मैलांवर एक गृहस्थ निघाले, सत्तरीचे, म्हणाले रविवारी घेऊन या वडिलांना, माझी चालू करून दाखवतो. सगळेच जाणार आहोत.

एकच अडचण, बुश दाबून बसवल्यावर वरचा आणि खालचा एका रेषेत रीम करायचे, म्हणजे आतून नेमक्या मापाला कापायचे आहेत आणि माझ्याकडचा रीमर आखूड आहे, एका बुशातून दुसऱ्यात पोचत नाही. दोन्ही वेगवेगळे केले तर पिन कलती बसेल. लांब कुठं भाड्यानं मिळतो का?

खटाटोप_लेस्टर

भाड्यानं कशाला, माझ्याकडे आहे, पुढं पायलट (वाट धरणारा गुळगुळीत दांडा) असलेला. खालच्या बुशात पायलट टेकवायचा आणि वरचा कापायचा, मग उलटं. रविवारी तुम्ही क्लबवाल्यांकडे जाताय तिथंच घेऊन येतो, पत्ता मेसेज करा. रीम करायच्या आधी बुश पूर्ण दाबून एक रात्र तसेच ठेवा, आणि आप्पांना विचारून पिनचं नेमकं माप कळवा, सुतात सांगितलं तरी मला समजतं.