घरखर्च कसा आवरता? नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

मार्च संपला की आपल्याकडे खर्चाची रांग लागते. सालभराचा गहू, कूलरची दुरुस्ती, जूनच्या शेवटी शाळा, आणि पाठोपाठ पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी. पगार तोच. तुमच्या घरी काय कमी केलं, आणि काय मुद्दाम कमी केलं नाही, ते लिहा. ‘बाहेर खाऊ नका’ एवढंच नको. नेमकं काय केलं आणि घरच्यांनी ते कसं घेतलं, हे कळलं तर दुसऱ्याच्या कामी येईल.

सुरुवात मी करते. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो खर्चाच्या वहीने. मोबाइलवरून पैसे देताना वीस-पन्नास रुपये गेलेले जाणवतच नाहीत. म्हणून रात्री जेवणं झाली की मुलगी वही घेऊन बसते आणि प्रत्येकाला विचारून लिहिते : चहा, ऑटो, ऑनलाइन काही मागवलं असेल ते. कुणी कुणाला रागवायचं नाही, नुसतं लिहायचं. महिन्याच्या शेवटी बेरीज तीच वाचते. घरपोच मागवलेल्या जेवणाचा आकडा सासऱ्यांच्या औषधांपेक्षा मोठा निघाला, आणि पुढच्या महिन्यात तो आपोआप खाली आला. रविवारचे तर्री पोहे मात्र सुरू आहेत. ते सोडायचे नाहीत, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं.

मानेवाडा, गृहिणी

आमची बचत डब्यांत आहे, ताई. तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, गहू मार्च-एप्रिलमध्ये. त्यामुळे डाळ आणि गहू आम्ही त्याच सुमारास सालभराचे भरतो. इतवारीतून आणतो, आणि तीन घरं मिळून आणतो म्हणजे भावही बरा लागतो आणि मालवाहू गाडीचं भाडं वाटलं जातं.

पण घेण्यापेक्षा राखणं महत्त्वाचं. गहू गच्चीवर चादरीवर पातळ पसरायचा, दुपारी एकदा हात फिरवायचा. दाणा दाताखाली कटकन तुटला तर वाळला. दबला तर अजून ऊन हवं. तापलेला गहू लगेच कोठीत भरायचा नाही, सावलीत पूर्ण निवू द्यायचा, नाहीतर आत घाम धरतो. मग कडुलिंबाचा पाला, तोही सावलीत वाळवलेला, थराथराने. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा, अगदी पुसट. जास्त झालं तर डाळ चिकट होते आणि शिजताना वास येतो. हे सासूबाईंनी शिकवलं आणि आता माझा मुलगा करतो.

त्याच उन्हात कुरोड्या आणि मुंगवड्या होतात. पावसाळ्यात भाजी कडाडली की मुंगवड्यांची भाजी नाहीतर वडाभात. त्या आठवड्यात भाजीच्या ठेल्याकडे बघावंही लागत नाही.

त्रिमूर्ती नगर, फ्लॅटमध्ये राहणारे

मानेवाड्याच्या ताईंचं पटतं, पण सगळ्यांना जमेल असं नाही. आमच्याकडे गच्ची सोसायटीची आणि स्वयंपाकघर एवढंसं. आम्ही तीन महिन्यांचंच भरतो. मात्र भाजी चार शेजारी मिळून कॉटन मार्केटातून सकाळी आणतो आणि जिन्यात वाटे करतो. संत्र्यांचंही तसंच. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आसपास भरपूर येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा लहान आकाराची घ्यावीत. चवीला काहीच कमी नसतात, भाव मात्र बराच उतरतो.

प्रतापनगर, वीजतंत्री

विजेचं गणित सांगतो. 200 वॉटचा कूलर 5 तास चालला की 1 युनिट. एसी 1500 वॉट खेचत असेल तर तेच युनिट 40 मिनिटांत संपतं. घरगुती बिलात दर टप्प्यांनी चढतो : 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, त्यापुढे आणखी चढा. म्हणजे वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं.

आपल्याकडचं ऊन कोरडं, म्हणून कूलर इथे खरा काम करतो. फक्त तो खिडकीबाहेर सावलीत हवा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. पुष्कळ घरांत दारं लावून कूलर लावतात, मग खोलीत दमटपणा साचतो आणि लोक म्हणतात कूलर चालत नाही. खस किंवा गवत दर सीझनला बदला. क्षार धरलेल्या ताटीतून हवाच जात नाही. पहाटे पंप बंद करून नुसता पंखा ठेवला तरी भागतं.

एक मात्र कळकळीने सांगतो. घरी म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल आणि पारा 45 च्या वर गेला असेल, तर तिथे बचत बघू नका. माझ्या वडिलांच्या खोलीत एसी आहे आणि तो लागतो.

दिघोरी

वर विजेचं निघालं म्हणून. छत स्वतःचं असेल तर सोलरचा विचार करा. पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. आम्ही भिशीचे पैसे त्यात घातले.

प्रजापती नगर, हिंगण्यात नोकरी

मेट्रो. प्रजापती नगरहून थेट लोकमान्य नगर, पुढे शेअर ऑटो. दुसरी दुचाकी घ्यायचं चाललं होतं, ते राहिलं.

नंदनवन, दोन मुलींची आई

विदर्भात शाळा उशिरा उघडतात याचा आम्ही फायदा घेतो. मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या आया एका घरी जमतो. वरच्या वर्गाची पुस्तकं खालच्याला, आखूड झालेले गणवेश लहानांना. आमच्या शाळेने ठरावीक दुकानातूनच सगळा संच घ्यायला सांगितला होता. आम्ही दहा-बारा पालक एकत्र जाऊन भेटलो, तेव्हा जुनी पुस्तकं चालतील असं त्यांनी मान्य केलं. एकट्याने गेलो असतो तर जमलं नसतं.

मुलींना जुनं वाटू नये म्हणून कव्हरं आणि नावाच्या चिठ्ठ्या नव्या, त्यांच्या पसंतीच्या. पेन्सिलीच्या खुणा खोडायचं काम दोघी आवडीने करतात. मागच्या मुलीने समासात लिहिलेलं त्या वाचत बसतात!

महाल, निवृत्त शिक्षक

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल मिरवतात त्याला, दरवर्षी नवा नंदी आणायची रीत पडत चालली आहे. आमच्या नातवाचा लाकडी बैल त्याच्या आजोबांचा, म्हणजे माझाच. श्रावणात आम्ही दोघं तो घासतो, रंगवतो, शिंगांना बेगड लावतो. चाक ढिलं झालं तर सुताराकडे नेतो. मिळालेला बोजारा, म्हणजे घरोघरी बैलापुढे ठेवलेले पैसे, त्याच्या डब्यात जातो, आणि त्याचं काय करायचं ते तोच ठरवतो. गेल्या वर्षी त्याने कॅरमबोर्ड घेतला.

जरीपटका

महालक्ष्म्यांचं सांगते. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, सवाष्ण-ब्राह्मण, यातलं काही कमी करायला मन होत नाही, आणि करूही नये. आम्ही तिघी जावांनी वेगवेगळे बसणारे मुखवटे एका घरी आणले. आता दरवर्षी एकीकडे बसतात. खर्चाचे तीन वाटे, कामाचेही तीन. सजावट साड्यांची आणि झेंडूची, विकतचं मखर बंद. सुरुवातीला मोठ्या जाऊबाई तयार नव्हत्या. त्यांच्या घरचा मान जातो असं त्यांना वाटायचं. म्हणून पहिलं वर्ष त्यांच्याकडेच बसवल्या. यंदा माझ्याकडे आहेत, आणि पंगतीची मोठी पातेली त्यांनी आत्ताच आणून दिली आहेत.