चिलखती रेल्वेगाड्या म्हणजे मूर्खपणा म्हणणाऱ्यांना उत्तर (लांब आहे, सवडीने वाचा)

तापीकाठ:
परवा आपल्या जिल्ह्याच्या ग्रुपवर कोणीतरी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन गुस्ताव तोफेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "रुळावरून लढणं हा लष्करी इतिहासातला सगळ्यात महागडा मूर्खपणा, चार पोरं पहार घेऊन आली की खेळ खलास." झालं, लोकांनी धडाधड हसण्याचे इमोजी टाकले. मी आधी सोडून दिलं होतं पण डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहू राहिलो.

पहिलं म्हणजे गुस्ताव ही चिलखती गाडी नव्हतीच. ती रुळावर बसवलेली तोफ. नळीचं तोंड ८० सेंटीमीटर रुंद, वजन १३५० टन, फ्रान्सची मॅजिनो तटबंदी फोडायला जर्मनीच्या क्रुप कंपनीने करायला घेतली आणि ती तयार होईपर्यंत फ्रान्स पडूनही गेला. मग १९४२ ला काळ्या समुद्रावरच्या सोव्हिएत सेव्हास्तोपोल बंदरासमोर नेली, तिच्यासाठी वेगळे वळणाचे जोडरूळ टाकले, हजारो माणसं राबली आणि एवढं करून गोळे टाकले ४८. तिला नासाडी म्हणा, माझं काहीच म्हणणं नाही. पण तिच्या नावाने सगळ्याच गाड्यांना मूर्ख ठरवू नका.

चिलखती गाडीत इंजिन शक्यतो मध्ये असायचं, त्याच्या पुढेमागे पोलादी डबे, डब्यांत मशीनगन आणि लहान तोफा, आणि सगळ्यात पुढे एक उघडा सपाट डबा. त्या उघड्या डब्यावर काय असायचं? रूळ, स्लीपर, फिशप्लेटा (दोन रूळ जोडायच्या पट्ट्या), पाने, हातोडे. सुरुंग असलाच तर त्या डब्याखाली फुटावा आणि मागचं इंजिन वाचावं, आणि तुटलेली लाईन जोडायचं सामान तिथेच हाताशी असावं. रूळ उखडता येतो हे त्या लोकांना तुमच्या-माझ्या आधी कळलेलं होतं भो.

आणि १९१७ च्या क्रांतीनंतरची रशियाची यादवी बघा. अंतरं अफाट, रस्ते चिखलाचे, फौज तुटपुंजी. बोल्शेविकांच्या लाल सेनेकडे अशा गाड्या शंभरावर गेल्या होत्या. चेक लीजनने, म्हणजे रशियात अडकलेल्या चेक-स्लोव्हाक फौजेने, ट्रान्स-सायबेरियन लाईन धरली म्हणून अख्खा सायबेरिया त्यांच्या हातात आला. एस्टोनियासारखा एवढासा देश, जानेवारी १९१९ ला तार्तू परत घेतलं ते चिलखती गाड्या पुढे घालूनच. हे सगळे लोक वेडे होते का?

रणगाडा_शिरपूर:
भाऊ, मी फौजेत आर्मर्डमध्ये नोकरी काढली आहे म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रणगाडा डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, नाल्यात उतरतो, झाडाखाली उभा राहतो. तुमची गाडी कुठून येणार आणि कुठे जाणार हे शत्रूला नकाशा न उघडता कळतं.

१५ नोव्हेंबर १८९९, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीतलं चीव्हली, इंग्रज-बोअर युद्ध. इंग्रजांची चिलखती गाडी टेहळणीला गेली, बोअर लोकांनी (तिथे वसलेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी) तिला पुढे जाऊ दिलं, मागे उताराच्या पायथ्याला रुळावर दगड टाकले आणि परतताना टेकडीवरून तोफा लावल्या. तोफा लागल्यावर ड्रायव्हरने गाडी पळवली आणि तीच थेट दगडांवर गेली. डबे घसरले, साठसत्तर माणसं कैद झाली, त्यात चर्चिल पण. पत्रकार म्हणून गेला होता. याला काय म्हणायचं मग?

तापीकाठ:
शिरपूरवाले, अर्धीच गोष्ट सांगितली. त्या गाडीला पुढे घोडेस्वार नाहीत, बाजूला कुणी नाही, एकटीला पाठवली. तोफ कोणती, तर जहाजावरची जुनी, तोंडातून भरायची. ही चूक पाठवणाऱ्याची. पुढे त्याच युद्धात जिरूआर नावाच्या रेल्वे इंजिनियरने याच गाड्या नीट लावल्या, वीसेक गाड्या केल्या, चांगल्या तोफा दिल्या, लाईनीला लागून फौजेची ब्लॉकहाऊस (पहाऱ्याच्या छोट्या गढ्या) उभी राहिली आणि गाडी त्यांच्यामध्ये फिरती राहिली. मग बोअर घोडेस्वारांना लाईन ओलांडणं जड जायला लागलं. तीच गाडी, वापर वेगळा.

शेड_भुसावळ:
चीव्हलीचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी मी फक्त वाचतो. रिटायर्ड ड्रायव्हर आहे. आता लोको पायलट म्हणतात, आमच्या वेळी ड्रायव्हरच.

सगळे चर्चिल चर्चिल करता. त्या इंजिनावर ड्रायव्हर कोण होता? चार्ल्स वॅग्नर. साधा सिव्हिल नोकर, फौजेचा नाही. गोळ्याची कपची लागून डोकं फुटलं, रक्त गळत होतं, तो चिडून उतरला आणि आडोशाला गेला. बरोबरच होतं त्याचं, लढायचा पगार त्याला नव्हताच. चर्चिलने समजावलं आणि तो परत चढला. मग गोळीबारात तासभराच्या वर त्याने तेच इंजिन मागेपुढे करून घसरलेल्या डब्याला धक्के मारले आणि वाट मोकळी केली. जखमी लोक त्याच इंजिनावर परत आले. फायरमन स्टुअर्ट शेवटपर्यंत सोबत. ज्याने कधी इंजिन चालवलं नाही त्याला कळणार नाही, घसरलेल्या डब्याला धक्का देताना आपलंही चाक उतरेल ही भीती काय असते. आणि चर्चिल त्या एका दिवसावर निवडणूक जिंकला. वॅग्नर आणि स्टुअर्टला पदक मिळायला १९१० उजाडलं, तेही चर्चिल गृहमंत्री झाल्यावर.

माझ्याबाबतीत हेच झालं आहे. बऱ्हाणपूरकडून मालगाडी घेऊन येत होतो, रात्रीची वेळ, हेडलाईटमध्ये रुळावर आडवं झाड दिसलं. भरलेली मालगाडी जागेवर उभी राहत नाही, तिला किलोमीटर लागतो. वेळेत दिसलं म्हणून वाचलो. कागदावर कौतुक एका साहेबाचं झालं, जे त्या रात्री घरी झोपलेले होते.

इतिहासवाली_जळगाव:
काका, तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण मूळ प्रश्नाला उत्तर राहिलं. तापीकाठ, तुमची सगळी उदाहरणं १९२० च्या आतली आहेत, विमानं जोरात यायच्या आधीची. विमान आल्यावर काय? सेव्हास्तोपोललाच सोव्हिएत "झेलेझन्याकोव्ह" गाडी होती, बोगद्यातून बाहेर यायची, मारा करायची, परत आत. शेवटी जून १९४२ ला जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून बोगदाच तिच्यावर पाडला. मी शाळेत शिकवते आणि मला कोणाचाच पक्ष घ्यायचा नाही, पण हे टाळून चालणार नाही.

तापीकाठ:
मॅडम, टाळत नाही. १ सप्टेंबर १९३९, पोलंडमधलं मोक्रा. जर्मनांची चौथी पँझर (रणगाड्यांची) डिव्हिजन एका पोलिश घोडदळ ब्रिगेडवर चालून आली आणि ऐन लढाईत "श्मियाली" नावाची पोलिश चिलखती गाडी जंगलातून लाईनीवर अचानक बाहेर आली आणि रणगाड्यांवर तोफा टाकायला लागली. लाईन ओलांडायला निघालेले रणगाडे तिच्या समोरच सापडले. शिरपूरवाल्यांनी हे वाचावं.

रणगाडा_शिरपूर:
वाचलं आहे. त्या गाडीलाही मार बसला आणि आठवडाभरात जर्मन वॉर्सॉच्या वेशीवर होते हेपण लिहा. एक दिवस थोपवलं म्हणजे युद्ध जिंकलं नाही. तुम्ही पुस्तकातून बोलू राहिले. बंद पोलादी डब्यात उन्हाळ्यात बसलेत का कधी? भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आम्ही राजस्थानात रणगाड्याच्या पत्र्याला उघडा हात लावू शकत नव्हतो. गाडीचा डबा तर त्याहून मोठा, आत तोफ तापलेली, दारूगोळा रचलेला.

कीमन_चा_पोरगा:
उन्हाची गोष्ट डब्यात बसलेल्यांनी सांगू नये. माझे वडील चाळीसगाव साईडला कीमन होते, म्हणजे रूळ तपासणारे. रोज आपल्या बीटवर, नेमून दिलेल्या लाईनीच्या तुकड्यावर, पायी. खांद्यावर हातोडा आणि पाना, बगलेत लाल-हिरवे झेंडे, पिशवीत रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके. रूळ धरून ठेवणारी एकेक चावी बघायची, ढिली असली की ठोकायची, जोडाचे बोल्ट आवळायचे. मे मध्ये रूळ तापून फुगतो, वाकायला बघतो, तेव्हा दुपारी जास्त चालावं लागतं. गुडघे गेले त्यांचे.

वरती त्या उघड्या डब्याबद्दल एवढं छान लिहिलं, रूळ होते, स्लीपर होते. पण ते रूळ उतरवणार कोण? ज्यांच्या अंगावर चिलखत नाही अशी माणसं खाली उतरून गोळ्यांमध्ये फिशप्लेट बसवणार. ड्रायव्हरकाका, वॅग्नरचं नाव तरी तुम्हाला माहीत आहे. ह्या लोकांपैकी एक नाव सांगा.

शेड_भुसावळ:
बाळा, रुळावर राबणाऱ्या गँगवाल्यांचा मी कधी अपमान केला नाही. पण गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी वेगळी असते. मागे सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असतो.

कीमन_चा_पोरगा:
आणि त्याचा जीव कोणाच्या हातात असतो? तुम्हाला रात्री झाड दिसलं. माझ्या वडिलांना एकदा पहाटे रुळाला तडा दिसला, पळत जाऊन फटाके लावले, झेंडा दाखवला, गाडी उभी केली. त्या ड्रायव्हरने खिडकीतून शिव्या घातल्या, लेट झालं म्हणून. खाली उतरून बघितलंसुद्धा नाही.

शेड_भुसावळ:
तो मी नव्हतो. माझ्या अंगावर कशाला येतो?

पाचोरेकर:
दोघं भांडू नका. एक मुद्दा कुणीच घेतला नाही, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आमची पीजे (पाचोरा-जामनेर गाडी) अडीच फुटी, शेजारी मेन लाईन साडेपाच फुटी, पाचोऱ्यात उतरून दुसऱ्या गाडीत बसायचं हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केलं. कोरोनात ती बंद झाली ती झालीच. १९४१ ला जर्मन रशियात घुसले तेव्हा हाच घोळ, त्यांचं गेज १४३५ मिलिमीटर आणि रशियाचं १५२४. जिथवर रूळ सरकवून बसवले नाहीत तिथवर युरोपातली गाडी पुढे जात नाही. रणगाड्याला असलं काही नाही. मी गाड्यांचा भक्त आहे तरी हे लिहितो.

इतिहासवाली_जळगाव:
हा मुद्दा वजनदार आहे. आणि यातूनच कळतं की ज्याची लाईन त्याच्याच कामाची ही गाडी, परमुलखात घुसायची नाही. म्हणून तर लाल सेनेचा प्रमुख ट्रॉट्स्की यादवीत आपल्याच मुलखात तिच्यातून फिरला. छापखाना, तारयंत्र, रेडिओ, मोटारी, सगळं गाडीत. लाखावर किलोमीटर फिरला तो. जिथे आघाडी डळमळली तिथे गाडी हजर.

रणगाडा_शिरपूर:
ठीक आहे. स्वतःच्या मुलखात, रस्ते नसताना, वर विमान नसताना चालली. एवढं देतो तुम्हाला, यापुढे एक इंच नाही. १९४८ नंतर फ्रेंचांनी इंडोचायनात (आजच्या व्हिएतनाममध्ये) "ला राफाल" ही चिलखती गाडी चालवली ना, समोर विमानं नव्हती, तरी व्हिएतमिन्हने (तिथल्या बंडखोरांनी) लाईन फोडून फोडून जेरीस आणलं.

तापीकाठ:
लाईन फोडली तरी तिच्या पहाऱ्यात माल जात राहिला, ते का सोडता? आणि सप्टेंबर २०२५ ला आपल्याच डीआरडीओने अग्नी-प्राइम क्षेपणास्त्र रेल्वेच्या लाँचरवरून डागलं. दोन हजार किलोमीटरचा पल्ला. एवढा मूर्खपणा असेल तर आज कशाला करू राहिले?

रणगाडा_शिरपूर:
ते लपण्यासाठी आहे. देशभर जाळं, बोगदे, कुठल्या बोगद्यात उभी आहे हे शत्रूला कळू नये. ती गाडी समोरासमोर लढायला जाणार नाही. तुमची चिलखती गाडी लढायला जायची. दोन्हीला एका मापाने मोजू नका.

कीमन_चा_पोरगा:
लढायला जावो की लपायला, लाईन चांगली पाहिजे ना. काका, मघाशी आवाज चढला, पण नाव मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

शेड_भुसावळ:
नाव नाही माझ्याकडे. तुझ्या वडिलांचा बीट कोणता होता? कजगावच्या अलीकडे असेल तर त्या लाईनीवरून मी वर्षानुवर्षे गाडी नेली आहे.