वेळ नसताना बिअरचा यीस्ट स्टार्टर कसा करता? अनुभव लिहा

शनिवारी ब्रू करायचं ठरतं आणि शुक्रवारी रात्री जेवणं उरकल्यावर आठवतं की स्टार्टर (बिअरमध्ये घालण्याआधी यीस्ट थोड्या माल्टच्या पाण्यात वाढवून घेतो तो) केलेलाच नाही. मागच्या महिन्यात माझं हेच झालं, लिक्विड यीस्टचं पाकीट चार महिने जुनं, तसंच ओतलं, तीन दिवस फेसाचा पत्ता नाही आणि मग असा आंबूस वास सुटला की २० लिटर बिअर सिंकमध्ये ओतली. फार जीव हळहळला हो. तुम्ही काय करता?

—

ताई, रात्री दहाला सुरू केलं तरी जमतं. ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काची पावडर) १०० ग्रॅम, पाणी घालून एक लिटर करायचं, दहा मिनिटं उकळायचं (पातेलं मोठं घ्या, भसकन उतू जातं), बर्फाच्या पाण्यात ठेवून २० डिग्रीला आणायचं, निर्जंतुक केलेल्या चार लिटरच्या बरणीत यीस्टसकट ओतून झाकण लावून हात भरून येईपर्यंत हलवायचं, सगळी बरणी फेसाने भरली पाहिजे. मग झाकण सैल करा, गॅस धरतो. सकाळी पाणी गढूळ दुधाळ दिसतं, जरा हलवलं की फेस सरसर वर चढतो. दुपारी वॉर्ट (बिअरसाठी उकळलेलं माल्टचं गोड पाणी) थंड झाला की बरणीतलं सगळंच्या सगळं त्यात ओता. आधी मी फ्रिजमध्ये ठेवून यीस्ट तळाशी बसायची वाट बघायचो, त्यात दीड-दोन दिवस जायचे. लागरला (थंडाव्यात आंबवायच्या बिअरला) मात्र एवढ्यावर भागवू नका, तिला जवळपास दुप्पट यीस्ट लागतं.

—

इकडे लीड्समध्ये मी महिन्यातून एकदा स्टार्टरचा वॉर्ट उकळून डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवते, लागेल तेव्हा परत उकळायचा. नुसता उकळून बरणीत भरून कपाटात अजिबात ठेवू नका, बॉट्युलिझमची (जीवघेण्या विषबाधेची) भीती असते.

—

मी घाईत सरळ ड्राय यीस्ट वापरतो. यूएस-०५ चं ११.५ ग्रॅमचं पाकीट २० लिटरच्या साध्या एलला (लागरपेक्षा उबदार तापमानात आंबणाऱ्या बिअरला) पुरतं, स्टार्टर लागतच नाही.

—

आमच्याकडे विरजणासारखंच चालतं. आधीच्या बिअरच्या तळाचा गाळ बरणीत, फ्रिजमध्ये, आठवडा-दोन आठवडे. ओतायच्या आधी वास घ्या, पावासारखा आला तर घ्या, जळक्या रबरासारखा आला तर फेकून द्या.